चार बाय सहाच्या पलंगावर दोघं

चार बाय सहाचा पलंग दुकानात ‘डबल’ म्हणून मिळतो आणि गादीबद्दलच्या बहुतेक गैरसमजांची सुरुवात इथेच होते. चार फूट म्हणजे ४८ इंच. दोघांत वाटले तर एकाच्या वाट्याला २४. अमेरिकेत तान्ह्या मुलाच्या पूर्ण मापाच्या पाळण्याची आतली रुंदी नियमानेच २८ इंचांच्या आसपास ठरलेली आहे. म्हणजे आपल्याकडे दोन मोठी माणसं पाळण्याहून अरुंद पट्ट्यावर रात्र काढतात. ब्रिटनमध्ये या मापाला निदान ‘स्मॉल डबल’ तरी म्हणतात. गादी घ्यायला निघालेली मंडळी मात्र पलंग घरात आला तेव्हाच रुंदीचा प्रश्न मिटला असं धरून चालतात. मग सगळी चर्चा कडक की मऊ, कॉयर की फोम, पाच इंची की आठ इंची, वॉरंटी दहा वर्षांची की पंधरा, याभोवती फिरते. माझं म्हणणं असं, की सहा फूट रुंदीच्या पलंगावर जी चूक खपून जाते ती चार फुटीवर खपत नाही. तिथे गादीची कड किती धरते आणि मधोमध खड्डा किती पडतो, हे आधी बघायचं. साहित्याचं नाव नंतर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग पाच फुटी पलंगच घ्यावा. घ्यावा, जागा असेल तर. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट धरलेलं आहे. नगरमधल्या सावेडी-केडगावकडच्या वन बीएचके फ्लॅटात दहा बाय दहाची झोपायची खोली असली तरी हिशेब फार वेगळा निघत नाही. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दहा फूट. त्यात पलंगाचे चार, कपाटाचे दोन, कपाटाचं दार उघडून समोर उभं राहायला दोन-अडीच. उरलेल्या दीड-दोन फुटांतून जायचं-यायचं. पलंग पाच फुटी केला की तेवढ्यातला एक फूट आणखी गेला. म्हणून पलंग भिंतीला चिकटवतात. मग एक जण भिंतीकडे आणि दुसरा मोकळ्या कडेला असं कायमचं ठरतं. उठणं, बसणं, चहा पिणं, मुलांचे मोजे चढवणं, सगळा भार त्या एकाच कडेवर येतो. चार फुटी पलंगाची गादी आधी कडेने का जाते, याचं उत्तर यात आहे. कंपनीला शिव्या घालण्याआधी गादी सहा महिन्यांनी उलटसुलट फिरवून, डोक्याकडची बाजू पायाकडे केली असती तर ती कड वाचली असती. काही गाद्या मात्र एकाच बाजूने वापरायच्या असतात. त्या पालथ्या करायच्या नाहीत, फक्त डोकं-पाय बदलायचे.

आता सगळ्यांत चिवट समज: गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली. डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा स्पेनमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखी जुनी झालेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं; एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांची अंथरुणातली वेदना आणि रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झालेली आढळली. कारण समजायला अवघड नाही. माणूस कुशीवर झोपला की खांदा आणि नितंब पुढे येतात. पृष्ठभाग दगडासारखा असेल तर भार या दोनच जागी येतो आणि मधली कंबर अधांतरी राहते. पाठीवर झोपणाऱ्याचं कडक गादीवर एक वेळ निभतं. पण २४ इंचांत दोघांनी हात पसरून उताणं झोपणं जवळजवळ अशक्य; कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. म्हणून अरुंद पलंगावर माणसं कुशीवर जास्त झोपतात आणि जी गादी कुशीला सोसत नाही ती इथे दुप्पट जाचते.

कोणी म्हणेल, ते स्पेनचे लोक, त्यातही दुखणाईत. धडधाकट माणसाला तो निष्कर्ष का लावायचा? रास्त आहे. त्या प्रयोगातून ‘सर्वांनी अमुकच गादी घ्यावी’ असं निघत नाही. निघतं एवढंच, की ज्यांना कडक गादीचा हमखास गुण येईल असं मानलं जात होतं, त्यांनाही तो तसा आला नाही. दुसरा आक्षेप घरातलाच असतो: आजी-आजोबा जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचे, त्यांची पाठ कुठे दुखत होती? दुखत होती की नाही हे कुणी मोजून ठेवलेलं नाही, आणि शेतात राबलेल्या पिढीने पाठीची तक्रार केली नाही म्हणून ती नव्हती असंही होत नाही. पण वादासाठी मान्य केलं, तरी एक फरक राहतोच. जमिनीला चार फुटांची मर्यादा नव्हती. झोपेत माणूस हवा तसा वळत होता, कूस बदलत होता, चटईवरून खाली गेला तरी पडत नव्हता. तो मोकळेपणा काढून घेतला आणि कडकपणा तेवढा ठेवला, तर जुन्या सवयीतलं कोणतं अर्धं आपण उचललं, हे बघायला हवं.

याचा अर्थ लुसलुशीत गादी घ्यावी असा मात्र नाही. दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असणं नेहमीचंच. मऊ गादीवर जड माणसाखाली खळगा होतो आणि हलका माणूस रात्रभर त्या उताराला लागतो. सहा फुटी पलंगावर दोघांत अंतर असल्याने हे फारसं जाणवत नाही. चार फुटीवर दोघंही मध्याच्या जवळच असतात, म्हणून उतार लगेच कळतो. दुकानात एकट्याने तळहाताने दाबून गादी पसंत करण्यात म्हणूनच अर्थ नाही. तळहात झोपत नसतो. दोघांनी एकत्र, घरी झोपतात त्याच बाजूंना, कुशीवर दहा मिनिटं पडून बघावं. एकाने उठून कडेवर बसावं, दुसऱ्याला किती हेलकावा बसतो ते पाहावं. दुकानदाराला थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ द्यावं.

‘ऑर्थोपेडिक’ या शिक्क्याबद्दल फार लिहायची गरज नाही. तो कोणा अस्थिरोगतज्ज्ञाने तपासून दिलेला दाखला नव्हे, विक्रीसाठी लावलेलं नाव आहे. एका कंपनीची ऑर्थो गादी दुसरीच्या साध्या गादीपेक्षा मऊ निघू शकते. जास्त घोटाळा ‘डेन्सिटी’चा आहे. ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणजे कडक आणि ‘बत्तीस’ म्हणजे मऊ, असं गिऱ्हाईकच काय, कधी कधी विकणाराही सांगतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. जड फोम मऊही बनवता येतो आणि हलका फोम कडकही. कडकपणा वेगळ्या चाचणीने मोजतात. डेन्सिटीवरून अंदाज येतो तो मुख्यतः टिकाऊपणाचा: हलका फोम लवकर बसतो. आणि हा आकडा पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही, वजनकाटा पुरतो. ७२ बाय ४८ इंच लांबी-रुंदीच्या पाच इंच जाड सलग फोमचं आकारमान साधारण ०.२८ घनमीटर भरतं. तो खरोखर चाळीस डेन्सिटीचा असेल तर वजन सव्वाअकरा किलोंच्या आसपास यायला हवं. बत्तीसचा असेल तर नऊ. काट्यावर सात भरले तर डेन्सिटी पंचविशीच्या आत आहे, शिक्का काहीही असो. जुने फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला रीबाँडेड फोम किंवा कॉयर यांना हा हिशेब लागू नाही; ते मुळातच जड असतात.

स्प्रिंगच्या गादीला आपल्याकडे सरसकट ‘श्रीमंती’ किंवा सरसकट ‘पाठ बिघडवणारी’ समजतात. दोन्ही चूक, कारण स्प्रिंग मुख्यतः दोन तऱ्हांच्या आहेत. बॉनेल प्रकारात सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींत गुंतवलेल्या असतात. एकाने कूस बदलली की लाट पलीकडे जाते. पॉकेट प्रकारात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते आणि आपापली दबते. दोघांमध्ये हातभरही अंतर नसलेल्या पलंगावर पहिली टाळलेली बरी. दुसरी घ्यायची तर कडेने घट्ट फोमची चौकट आहे का ते विचारावं, नाहीतर भिंतीकडचा सुखात आणि कडेचा घसरणीवर.

राहिली कापसाची गादी. शेवगाव, पाथर्डी, नेवासा हा कापूस पिकवणारा भाग. गादी भरून घेण्याची रीत नगर जिल्ह्यात अजून पूर्ण गेलेली नाही. तिच्याबद्दल दोन उलट गैरसमज आहेत. एक म्हणजे ती जुनाट, दोन वर्षांत गोळा होणारी. दुसरा म्हणजे ती नैसर्गिक, म्हणून सगळीकडे उत्तम. कापूस दबतो हे खरं, पण तो पुन्हा पिंजून भरता येतो. बसलेल्या फोमला हा उपाय नाही. ‘नैसर्गिक’चं उत्तर मात्र तालुक्यावर ठरतं. सर्वसाधारण दमट हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो. चार बाय सहाच्या गादीत बारा किलो कापूस भरला तर जवळजवळ एक किलो पाणी त्यात कायम असतं. पाथर्डी-जामखेडच्या कोरड्या हवेत ते आणखी कमी होतं, आणि गच्चीवर ऊन दिलं की गादी पुन्हा फुलते. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळा काही हजार मिलिमीटरचा. उरलेल्या बऱ्याच जिल्ह्याला मिळतो त्याच्या कितीतरी पट. तिथे जून ते सप्टेंबर उन्हाचा पत्ता नसतो, कापूस ओल ओढतच राहतो आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना, ज्यांना जगायला दमट हवाच लागते, आयतं घर मिळतं. त्या भागात कॉयर किंवा फोम, आणि खाली हवा खेळेल असा फळ्यांचा पलंग, हे शहाणपणाचं. सामान ठेवायला केलेल्या प्लायच्या बंद बॉक्सवर कोणतीही गादी ओलसर राहते. प्लायला भोकं पाडून घेणं सुताराच्या तासाभराचं काम आहे.

कापसाच्या गादीचा एक फायदा चार फुटी पलंगालाच विशेष लागू पडतो, आणि तो क्वचितच कुणी घेतो. गादी भरणाऱ्याला चार फुटी एक गादी सांगण्याऐवजी दोन-दोन फुटांच्या दोन सांगाव्यात. जड माणसाची घट्ट, हलक्याची थोडी सैल. मधला उतार जातो, एकाच्या हालचालीने दुसरा जागा होत नाही, आणि बारा-पंधरा किलोंचं धूड गच्चीवर नेण्याऐवजी सहा-सात किलोंचं एकट्यालाही नेता येतं. मधली फट टोचेल, हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दोन्हींवर मिळून दोन इंचांची एक पातळ गादी टाकली की तो बराचसा मिटतो. मापात मात्र सावध राहावं लागतं. खोळीत कापूस भरला की ती फुगते आणि लांबी-रुंदी आत ओढली जाते, म्हणून खोळ मापापेक्षा मोठी बेतावी लागते. चांगला कारागीर हे न सांगता करतो.

मेमरी फोम १९६६ साली नासासाठी, विमानाच्या आसनांकरता तयार झाला. त्याचा गुण आणि दोष एकच, तो उष्णतेने मऊ होतो. मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या नगरमध्ये, पंख्याखाली, दोघं चिकटून झोपत असताना तो किती रुतेल याचा अंदाज एसी लावलेल्या दुकानात येत नाही. वर इंच-दीड इंच थर असेल तर चालेल, चार इंच नको. जाडीचंही तसंच. आठ इंची गादी पाच इंचीपेक्षा चांगली असतेच असं नाही. हलक्या फोमचे आठ इंच चांगल्या फोमच्या पाचांपुढे टिकत नाहीत, आणि पलंग उंच झाला की म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

उरलं माप आणि कागद. लांबीला ‘सहा फुटी’ म्हणून ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तीन मापांच्या गाद्या बाजारात आहेत, आणि फॅब्रिकेटरकडून करून घेतलेल्या लोखंडी पलंगाचं सांगितलेलं माप पुष्कळदा बाहेरचं असतं. आतून, दोन्ही टोकांना आणि मध्ये असं तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत लहान आकडा धरावा. झोपणाऱ्यांतल्या उंच माणसाच्या उंचीत किमान चार इंच मिळवून ती लांबी पुरते का तेही पाहावं. पावणेसहा फुटांच्या माणसाला ७२ इंच पुरत नाहीत. वॉरंटीची वर्षं म्हणजे गादीचं आयुष्य नव्हे. बहुतेक वॉरंट्या ठरावीक खोलीपेक्षा जास्त खड्डा पडला तरच लागू होतात, ती खोली बारीक अक्षरांत असते, आणि डाग पडलेली गादी बऱ्याच कंपन्या नाकारतात. म्हणून पहिल्या दिवसापासून धुता येणारी खोळ घालावी. बिलावर नुसतं ‘गादी एक नग’ न लिहिता इंचांतलं माप, फोमचा प्रकार आणि डेन्सिटी लिहून घ्यावी. पुढे तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलीच, तर दुकानात तोंडी काय सांगितलं होतं ते सिद्ध करणं अवघड जातं. बिलावरची ओळ दाखवता येते.