पडद्यावरची जीटी

हॉस्टेलमध्ये राहून जीटी माहीत नाही, असा प्राणी सापडणं कठीण. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि गिरवायला सुरुवात! पहाटेपर्यंत शीट तयार. पण सेक्शनमध्ये ही रेष इथेच का, असं सरांनी विचारलं की बोंब. मित्रांनो, ही जीटी नोकरीतही सुटत नाही. फक्त काचेच्या जागी कॉम्प्युटरचा पडदा येतो.

मी राहतो कोपरीत आणि नोकरी करतो वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात. आम्ही कन्व्हेयरची ड्रॉइंग करतो. थ्रीडी सॉफ्टवेअरचं रीतसर लायसन्स आहे, त्याचे पैसे मालक दरवर्षी कुरकुरत भरतात. आणि आमच्यातले निम्मे लोक त्यावर नुसत्या रेषा मारतात.

मग पूर्ण वापर म्हणजे काय? १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम केला. या दोन रेषा समांतर राहतील, या दोन समान राहतील, असे नियम त्यातही घालता येत होते. म्हणजे रेषांमागचं नातं साठवायचं, ही कल्पना सुरुवातीपासूनची. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि ड्रॉइंग बोर्ड साध्या पीसीवर आला. त्याच दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर आलं. त्यात एक माप बदललं की पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग सगळं मागोमाग बदलतं. हे नातं न वापरता फक्त चित्र काढलं, तर ती महागडी जीटीच.

तिची किंमत कशी मोजावी लागते ते सांगतो. एका ऑर्डरमध्ये मोटर ११२ फ्रेमची होती, ती ग्राहकाने १३२ एस केली. दोन्हींच्या पायांची भोकं १२ मिलिमीटरची, लांबीच्या दिशेचं अंतरही १४० च. बदलतं ते फक्त आडवं अंतर, १९० चं २१६ होतं. संध्याकाळची घाई होती. एका सहकाऱ्याने बेस प्लेटवरचा १९० हा आकडा खोडून त्या जागी २१६ टाइप केलं. रेषा तशाच राहिल्या. प्रिंट पाहणाऱ्याला सगळं बरोबर दिसलं. पण लेझर कटिंगवाल्याकडे गेली डीएक्सएफ फाइल, आणि मशीन आकडा वाचत नाही, रेष वाचतं. सगळ्या प्लेटा १९० वर भोकं पडून आल्या आणि भंगारात गेल्या.

हे फक्त छोट्या ऑफिसात होतं असं नाही. एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायरिंग. जर्मनीत कॅटियाची चौथी आवृत्ती, फ्रान्समध्ये पाचवी. बदल इकडून तिकडे नीट पोचले नाहीत. हॅम्बुर्गहून आलेल्या वायरी टुलूझला बसवताना कमी पडल्या. २००६ मध्ये हे जगजाहीर झालं आणि विमान सुमारे दोन वर्षं लांबलं.

मग लोक पूर्ण वापर का करत नाहीत? ‘जुनी खोडं आहेत’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तीन कारणं दिसली.

पहिलं, कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा. नातं घालून मॉडेल करायला पहिल्यांदा दुप्पट वेळ लागतो. मटेरियल लिस्ट आपोआप मिळते ती परचेसवाल्याला. मालक मात्र विचारतात, आज किती शीट गेल्या?

दुसरं, भरवसा. दुसऱ्याच्या मॉडेलमध्ये एक माप बदलावं आणि अख्खा फीचर ट्री लाल व्हावा, हे ज्याने भोगलंय तो म्हणणारच, माझ्या रेषा बऱ्या. शिवाय ‘चेक्ड बाय’समोर सही त्याची असते.

तिसरं कारण आमच्या सिनियर ड्राफ्ट्समननी सांगितलं. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, “अरे, आरेखकाने काढलेलं ट्रेसिंगवर उतरवणारे अनुरेखक मी पाहिलेत. कॅड आलं आणि ऑफिसातून त्यांचं काम गेलं. आता माझ्या डोक्यातलं सगळं मॉडेलमध्ये भरलं, की मला विचारणार कोण?” यावर माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. वेल्डिंगनंतर फ्रेम किती ओढली जाते, नटाभोवती पाना फिरायला किती जागा लागते, हे काकांना माहीत आहे. सॉफ्टवेअरला नाही, आणि मलाही नव्हतं.

कोपरीचा रेल्वेवरचा पूल आठवा. दोन्ही बाजूंना हायवे आठ पदरी आणि पूल चार पदरी. त्यामुळे वर्षानुवर्षं गाड्या चालल्या त्या पुलाच्या हिशोबाने. २०२३ मध्ये रुंदीकरण पूर्ण झालं तेव्हा कुठे कोंडी फुटली. सॉफ्टवेअरचंही तसंच. ते कितीही रुंद असो, काम चालतं ते सगळ्यात अरुंद जागेच्या मापाने. ती जागा हॉर्न वाजवून रुंद होत नाही.

आम्ही सुरुवात एकाच गोष्टीपासून केली, मोटरच्या बेसपासून. फ्रेम साइज निवडली की भोकं जागेवर येतील असं मॉडेल केलं. पान्याच्या जागेचे नियम काकांनी सांगितले, मी घातले. फाइलला नाव काकांचं दिलं. नियम बदलायचा तर त्यांना विचारूनच, असं ठरलं. प्रिंटवर लाल पेनाने तपासायची त्यांची पद्धत तशीच ठेवली. मोटर बदलली की संध्याकाळी बसून सगळ्या शीट दुरुस्त करायचं काम वाचलं, आणि तो वेळ आधी काकांचा वाचला. आता ते स्वतःहून दुसरा बेस घेऊन आले आहेत. बाकीच्यांपैकी एक-दोन जण अजून रेषाच मारतात. पण आकडा खोडून टाइप करायचा नाही, एवढं सगळ्यांनी मान्य केलंय.

उद्या तुम्ही नोकरीला लागाल. पहिल्याच आठवड्यात सिनियरला शॉर्टकट शिकवायला जाऊ नका. ते असंच का करतात ते आधी विचारा. आणि त्याआधी, आज रात्री स्वतःच्या प्रोजेक्टची फाइल उघडा आणि एक माप बदलून बघा. बाकीचं सगळं मागोमाग बदललं तर उत्तम. नाही बदललं, तर तीही जीटीच आहे.