मिठाच्या पाण्यातून धावणारा निरोप

परभणीतल्या कुठल्याही दवाखान्यात ईसीजी काढताना छातीवर गार, बुळबुळीत जेल लावतात. ते नुसते चिकटण्यासाठी असते, असे पुष्कळांना वाटते. पण शरीरातली वीज आयनांच्या हालचालीने वाहते आणि यंत्राच्या तारेतली इलेक्ट्रॉनांनी. या दोघांची गाठ पडते ती त्या खारट जेलमुळे. अशाच ओल्या, मऊ पदार्थापासून आता चेतापेशीसारखा निरोप नेणारी केबल तयार झाली आहे.

चेतापेशीची रीत

चेतापेशी शांत असताना तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने कमी असतो. निरोप आला की सोडिअमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशिअमचे बाहेर पडतात. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी स्क्विड या समुद्री जिवाच्या जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवर, प्रयोग करून 1952 मध्ये याचे गणित मांडले आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

यात कोणताही आयन मेंदूपासून बोटापर्यंत चालत जात नाही. एसटीच्या रांगेत मागून धक्का बसला की प्रत्येकजण जेमतेम वीतभर सरकतो, धक्का मात्र थेट पुढच्यापर्यंत पोचतो. निरोपही तसाच पोचतो.

जेलची केबल

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे लांब रेणूंचे जाळे. कोरडवाहू रानात ओल टिकवायला मातीत मिसळतात ते पुसा हायड्रोजेल याच कुळातले. जाळ्यातल्या पाण्यात मीठ विरघळवले की जेलमधून वीज वाहते. हार्वर्डमध्ये 2013 साली अशा जेलपासून पारदर्शक, ताणता येणारा स्पीकर बनवला गेला. तिथल्याच झिगांग सुओ आणि त्यांच्या चीनमधील सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘आयनिक केबल’ मांडली : मध्ये वीज न वाहणारा रबरासारखा थर, दोन्ही बाजूंना खारट जेल. अक्षतंतूच्या आतले द्रव, त्यावरचे मायलिनचे वेष्टन आणि बाहेरचे द्रव, अशीच ही रचना आहे.

तांब्याच्या तुलनेत खारट जेल लाखो पटींनी मंद वाहक. तरीही निरोप झपाट्याने जातो, कारण इथेही आयन जागच्या जागी किंचित हलतात आणि पुढे जातो तो विद्युतदाबातला बदल.

तरीही याला कृत्रिम मज्जातंतू म्हणण्याची घाई नको. खरा अक्षतंतू वाटेत ठिकठिकाणी निरोपाला नवे बळ देतो. या केबलमध्ये निरोप अंतराबरोबर क्षीण होत जातो.

उन्हाळ्याची अडचण

परभणीचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. अशा कोरड्या हवेत उघडे जेल सुकून कडक होते. त्यावर उपाय म्हणून त्यात लिथिअम क्लोराइड घालतात. हे मीठ पाण्याला सहजी सुटू देत नाही. शरीरात बसवायच्या जेलला मात्र ते चालणार नाही, कारण रक्तात लिथिअम वाढले की विषबाधा होते.