पेशींच्या चित्रामागचा प्राणी : एका दशकाचा मागोवा

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने ‘बायोआर्काइव्ह’ हे प्रीप्रिंटचं, म्हणजे छापून येण्याआधीच्या शोधनिबंधांचं, ऑनलाइन भांडार सुरू केलं, तेव्हा जीवशास्त्रज्ञांमध्ये उत्सुकतेइतकीच धास्तीही होती. भौतिकशास्त्रातली मंडळी १९९१पासून आपले शोधनिबंध छापून येण्याआधीच इंटरनेटवर ठेवत होती. जीवशास्त्रात मात्र समीक्षकांनी पारखल्याशिवाय काही बाहेर दाखवायचं नाही, हा रिवाज पक्का होता. आपली कल्पना कुणी उचलली तर? आधीच प्रसिद्ध झालंय म्हणून नियतकालिकाने निबंध परत पाठवला तर? या शंकांना उत्तरं मिळायला काही वर्षं गेली, आणि ती मिळवण्यात पीएचडीचे विद्यार्थी आणि पोस्टडॉक आघाडीवर होते. मी त्याच पिढीतली. झेब्राफिशच्या भ्रूणात पेशी जागा कशा बदलतात हे बघण्यात माझी पीएचडीची वर्षं गेली, आणि ते काम लोकांसमोर मांडायलाही मी त्याच काळात शिकले. आज मागे वळून बघताना वाटतं, की आमची खरी कमाई वेग किंवा प्रसिद्धी नव्हे. काम जितकं पुरतेपणी उघड केलं, तितका त्यावरचा विश्वास वाढला, ही आमची कमाई.

कच्चं काम एकमेकांना दाखवण्याची परंपरा जीवशास्त्रात मुळीच नव्हती असं नाही. फळमाशीवर काम करणाऱ्यांनी १९३४ मध्ये एक माहितीपत्रक सुरू केलं होतं. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये सी. एलेगन्स या इवल्याशा कृमीवरचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी कृमीवाल्यांचंही पत्रक निघालं. कुठल्या नळीत कुठली जात वाढते, कुठला प्रयोग फसला, कुणाकडे काय शिल्लक आहे, सगळं त्यात असायचं. त्यातला मजकूर वापरायचा तर लिहिणाऱ्याची परवानगी घ्यायची, एवढा एकच दंडक. पण ते पत्रक ज्या लॅबमध्ये पोचायचं तिथल्यांनाच त्याचा लाभ. पुण्यातल्या किंवा औरंगाबादच्या एखाद्या महाविद्यालयात एकट्याने फळमाश्या वाढवणाऱ्या प्राध्यापकाला ते वर्तुळ बाहेरूनच बघावं लागे. इंटरनेटने आधी ते वर्तुळ मोडलं.

प्रीप्रिंटकडे वळण्याच्या बदलाला युक्तिवाद पुरवला तो रॉन व्हेल यांनी. पेशीच्या आत माल वाहून नेणाऱ्या कायनेसिन या प्रथिनाच्या शोधात त्यांचा मोठा वाटा. बंगळुरूशीही त्यांचा जुना संबंध. २००९ मध्ये तरुण भारतीय जीवशास्त्रज्ञांचा वार्षिक मेळावा आणि ‘इंडियाबायोसायन्स’ सुरू करण्यात त्यांचा हात होता. २०१५ मध्ये त्यांनी १९८४ आणि २०१४ मधले शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, की एका निबंधातल्या आकृत्यांचे भाग दोन ते चार पटींनी वाढलेत. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जेवढ्या पुराव्यावर निबंध छापून यायचा, त्याच्या कितीतरी पट पुरावा आता जमवावा लागतो. त्याची सर्वांत मोठी झळ विद्यार्थ्याला बसते. फेलोशिपची मुदत सरत येते, पोस्टडॉकसाठी अर्ज करायचे असतात आणि दाखवायला नावावर काही नसतं. प्रीप्रिंटमुळे निदान एक दुवा तरी देता येऊ लागला : हे माझं काम, वाचून बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये जीवशास्त्रात प्रीप्रिंट रुजवू पाहणाऱ्या ‘एएसएपीबायो’ची पहिली बैठक झाली आणि त्यानंतर निधी देणाऱ्या संस्थांनीही अर्जात प्रीप्रिंट ग्राह्य धरायला सुरुवात केली.

दुसरा टप्पा २०१८ चा. ब्रिटनमधल्या ‘द कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स’ या संस्थेने ‘प्रीलाइट्स’ हा उपक्रम काढला. तरुण संशोधकांनी आपल्या आवडीचा प्रीप्रिंट निवडायचा, त्यात नवं काय आहे ते सोप्या भाषेत लिहायचं, आणि लेखकांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं सोबत द्यायची. आमच्या लॅबच्या जर्नल क्लबमध्ये आम्ही परक्याच्या निबंधाची चिरफाड करायचो, पण तो परका समोर नसायचा. इथे त्यालाच विचारायचं होतं. त्यामुळे टीका करण्याची ढबच बदलली. ‘हे चुकीचं आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘हा नियंत्रण-प्रयोग केला असता तर काय दिसलं असतं?’ असं विचारायची सवय लागली. ज्येष्ठांची नावं बघून दबून जाणंही कमी झालं.

पण पेशीविज्ञान लोकांपर्यंत पोचलं ते निबंधांपेक्षा चित्रफितींमधून. झेब्राफिशचा भ्रूण पारदर्शक असतो आणि आईच्या शरीराबाहेर वाढतो. रात्री टाकीत नर आणि मादी यांच्यामध्ये पडदा ठेवायचा, सकाळी दिवे लागल्यावर तो काढायचा. थोड्याच वेळात जाळीखाली अंडी जमा होतात. एकेक अंडं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. साडेअठ्ठावीस अंश तापमानाला ठेवलं की चोवीस तासांच्या सुमाराला हृदय धडधडू लागतं. मग बारीक चिमट्याने अंड्याचं कवच सोलायचं, पाण्यात भुलीचं औषध मिसळायचं आणि कोमट ॲगारोजमध्ये भ्रूण नीट कुशीवर बसवायचा. हे ॲगारोज चायना ग्राससारखं गार होता होता आळतं, म्हणून सगळं काही झटपट उरकायचं. भ्रूण तिरपा बसला तर रात्रभराचं चित्रण वाया. सगळं जमलं तर सकाळी पडद्यावर बाजूच्या रेषेवरून पेशींचा जथा डोक्याकडून शेपटीकडे निघालेला दिसतो, आणि वाटेत तो छोटे छोटे पुंजके मागे ठेवत जातो. पुढे त्या पुंजक्यांतूनच पाण्याची हालचाल ओळखणारी इंद्रियं तयार होतात. २०१८ मध्ये निकॉनच्या सूक्ष्मचित्रफितींच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस झेब्राफिशच्या वाढत्या चेतासंस्थेला मिळालं, तेव्हा जीवशास्त्राशी काही संबंध नसलेल्या नातेवाइकांनीही ती फीत मला पाठवली होती.

अशा फिती दाखवताना आमच्या पिढीने दोन चांगल्या सवयी लावून घेतल्या. पहिली रंगांबद्दलची. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा बहुतेक वेळा फक्त उजेड किती आहे तेवढंच टिपतो. हिरवा, जांभळा हे रंग नंतर संगणकावर चढवलेले असतात. हे स्पष्ट लिहायला लागलो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी लालऐवजी किरमिजी वापरायला लागलो. दुसरी सवय मूळ चित्रं जपण्याची आणि मागेल त्याला देण्याची. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ मध्येच स्वीकारलेल्या निबंधांतली चित्रं तपासायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस हजारांहून अधिक निबंध डोळ्यांखालून घातले, तेव्हा सुमारे चार टक्क्यांमध्ये शंकास्पद चित्रं निघाली. एकच पट्टी दोन प्रयोगांची म्हणून लावलेली, कुठे फिरवून तर कुठे उलटी करून. ज्यांच्या हातात दुसरं काही साधन नव्हतं, अशा कितीतरी तरुणांनी त्यानंतर नुसत्या नजरेने चुका शोधून दाखवल्या. कुणाची बदनामी करणं हा त्यामागचा हेतू नव्हता. त्या चित्रांवर विश्वास ठेवून पुढची वर्षं खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याला वाचवण्याचा हा मार्ग होता.

मात्र एका बाबतीत आम्ही फार काळ गप्प राहिलो. चित्रातली पेशी दाखवायची आणि ती ज्या प्राण्याची आहे त्याबद्दल बोलायचं नाही. ही भीती आमच्याकडे वरून आलेली होती. प्राणीगृहाचा पत्ता सांगू नका, उंदराचा फोटो टाकू नका, असं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगितलं जाई. परदेशात यामागे इतिहासही होता. ब्रिटनमध्ये प्राणीप्रयोग करणाऱ्यांना धमक्या आल्या होत्या. पण तिथेच २००६ मध्ये सोळा वर्षांच्या लॉरी पायक्रॉफ्टने पुढाकार घेतला आणि ऑक्सफर्डच्या रस्त्यावर संशोधनाच्या बाजूने मोर्चा निघाला. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संस्थांनी प्राणीसंशोधनाबद्दल उघडपणे बोलण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि मग विद्यापीठं स्वतःच किती प्राणी वापरले याचे आकडे जाहीर करू लागली.

आपल्याकडे कायदा नवा नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती आहे. तिच्यापुढे अर्ज ठेवताना इतकेच प्राणी का, याहून कमी का नाहीत, पेशींच्या संवर्धनावर भागणार नाही का, याची उत्तरं द्यावी लागतात. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे पर्याय वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, ही त्या अर्जाची भाषा आहे. आम्ही हे सगळं कागदावर इमानाने लिहायचो आणि लोकांसमोर मात्र त्याचा उच्चार करायचो नाही.

माझ्यापुरता हा संकोच संपला तो २०२० मध्ये. टाळेबंदीत लॅब बंद होत्या, फक्त मासे आणि माश्या जगवण्यापुरती पाळी लावलेली. त्या काळात शाळेतल्या मुलांसाठी मराठीतून ऑनलाइन व्याख्यानं चालायची. चित्रफीत संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘ताई, त्या माशाचं पुढे काय झालं?’’ मी खरं ते सांगितलं. तो भ्रूण दोन दिवसांचाही नव्हता. त्याला भूल दिलेली होती. चित्रण झाल्यावर त्याच भुलीची मात्रा वाढवून त्याला शांतपणे मारलं जातं. युरोपीय नियमांत अळी स्वतः खाऊ लागली, म्हणजे साधारण पाच दिवसांची झाली, की तिला संरक्षित प्राणी धरतात. तरीही त्याआधीच्या भ्रूणांचीही आम्ही मोजदाद ठेवतो. मुलीने पुढे विचारलं, की मग एकाच माशाचं चित्रण करून का नाही भागत? संख्याशास्त्राची याहून चांगली सुरुवात मला कधी करता आली नाही. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक चित्राखाली प्राणी कोणता, वय किती, भूल दिली की नाही आणि किती प्राण्यांमध्ये हे दिसलं, एवढं लिहिलेलं असतं. प्राणीप्रयोगांच्या मांडणीसाठीची ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वं २०१० पासून शोधनिबंधाकडून जे मागतात, तेच सामान्य वाचकालाही मिळायला हवं.

त्याच वर्षाने घाईचे तोटेही दाखवले. जानेवारीअखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांच्या प्रीप्रिंटमध्ये नव्या करोना विषाणूचं एचआयव्हीशी ‘विलक्षण’ साम्य असल्याचं म्हटलं होतं. जगभरच्या अभ्यासकांनी त्यातल्या उणिवा लगेच दाखवल्या आणि काही दिवसांतच लेखकांनी तो मागे घेतला. पण तोवर त्यावर कटकारस्थानांच्या कथा उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर बायोआर्काइव्हवर ठळक सूचना आली, की हे निबंध समीक्षा न झालेले आहेत. मला यात दोन्ही गोष्टी दिसतात. उघड ठेवलं म्हणून चूक पसरली, आणि उघड होतं म्हणूनच ती इतक्या लवकर सापडली. अडचण आमच्या सांगण्यात होती. निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि शंका तळटीपेत ढकलायची, ही सवय मोडायला हवी होती.

२०२२ मध्ये ट्विटरचे मालक बदलले आणि तिथे जमलेली आमची वस्ती विखुरली. कुणी मॅस्टोडॉनवर गेलं, कुणी ब्लूस्कायवर, कुणी गप्पच झालं. पण प्रीप्रिंट जिथल्या तिथे राहिले, कारण ते कुणा कंपनीच्या मर्जीवर नव्हते. मार्च २०२५ मध्ये बायोआर्काइव्ह आणि त्याचं वैद्यकीय भावंड मेडआर्काइव्ह यांचा कारभार ‘ओपनआर्काइव्ह’ या स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेला. २०२३ पासून ‘ईलाइफ’ हे नियतकालिक समीक्षेला पाठवलेल्या निबंधांवर स्वीकार-नकाराचा शिक्का न मारता समीक्षाच सर्वांसमोर ठेवतं. म्हणजे जे २०१३ मध्ये धाडस वाटत होतं, त्याची आता व्यवस्था झाली आहे.

राहिलं आहे ते आपल्या हातातलं. मराठीतून पेशी समजावून सांगणं, चित्राखाली चार सच्च्या ओळी लिहिणं, फसलेला प्रयोग मांडून दुसऱ्या लॅबचे प्राणी वाचवणं, यातल्या कशाचीच आपल्याकडे पीएचडीच्या मूल्यमापनात नोंद होत नाही. रात्री लॅबमधून परतल्यावर स्वतःच्या वेळेत हे करणारी मुलं आहेत आणि त्यांना ‘पेपरकडे लक्ष द्या’ असाच सल्ला मिळतो. मला वाटतं, नीतिसमितीला दिलेल्या अर्जाचा साध्या मराठीतला सारांश प्रत्येक संस्थेने प्रसिद्ध करावा आणि तो विद्यार्थ्यालाच लिहू द्यावा. ज्याला आपला प्रयोग, त्यातला प्राणी आणि त्यामागचं कारण गावातल्या माणसाला सांगता येतं, त्यालाच तो नीट आखता येतो. हे शिकवण्याची जागा पीएचडीच्या पहिल्या वर्षात आहे, पिपेट धरायला शिकवतात तिथेच.