लिहिलं किती आणि कामी आलं किती?

मागच्या भागानंतर एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "गावात एक जण कॅन्सरवर चूर्ण विकतोय. म्हणतो, यावर संशोधन झालंय, पेपर छापून आलाय. खरं मानायचं का?" प्रश्न जिवाचा आहे. चूर्णाच्या भरवशावर बाई दवाखान्यात जायला उशीर करते. म्हणून आज बघू, संशोधनाचं वजन कसं करतात.

आधी आपल्या पुण्याच्या एका लेकीची ओळख. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ चा. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनमध्ये कॉलेज. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला. पुढे मुंबईत कॅन्सरकडे वळल्या. स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोनशी आणि विषाणूशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासलं. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर त्यांचे २०० हून जास्त शोधनिबंध आहेत. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

शोधनिबंध म्हणजे गटाची हिशेबवही सगळ्यांसमोर उघडणं. काय केलं, कसं केलं, किती जणांवर केलं, काय निघालं, सगळं लिहायचं. त्या विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात, चुका काढतात, मगच चांगल्या नियतकालिकात ते छापलं जातं.

पण छापलं म्हणजे कामी आलं असं नाही. समजा, तुमच्या गटाने नाचणीच्या पापडाचं प्रमाण बसवलं. शेजारच्या गावच्या गटाने ते वापरलं आणि सांगितलं, "हे प्रमाण अमक्या गटाचं." संशोधनात याला उल्लेख किंवा सायटेशन म्हणतात. नवा निबंध लिहिणारा कुणाच्या कामाचा आधार घेतला ते नावानिशी सांगतो.

हे मोजायची एक रीत हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढली. तिला एच-इंडेक्स म्हणतात. समजा एकीचे पाच निबंध आहेत. त्यांचे उल्लेख ४०, ९, ३, १ आणि ०. यातल्या तीन निबंधांचे उल्लेख तीन किंवा जास्त आहेत. म्हणून तिचा एच-इंडेक्स ३. एकाच निबंधाचा गाजावाजा झाला म्हणून हा आकडा फुगत नाही.

तरी आकडा म्हणजे देववाणी नाही. कुणी स्वतःच स्वतःचे उल्लेख करत बसतं. चुकीच्या निबंधाचा उल्लेख "हे चूक आहे" असं सांगायलाही होतो. पैसे घेऊन न तपासता छापणारेही आहेत. आणि जुन्या काळातले अनेक निबंध संगणकाच्या याद्यांत नीट आलेलेच नाहीत. शिवाय कमलताई अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत मुलांच्या पोषणासाठी आणि बायांच्या आरोग्यासाठी झटल्या. ते काम कुठल्या एच-इंडेक्समध्ये बसणार?

आता आपल्याच बायांचा एक निबंध सांगते. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायांचा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कुठल्या गावांत कुठली तपासणी करायची, ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. काही गावांत नेहमीचीच सेवा ठेवली. २००९ मध्ये निकाल छापला. जिथे एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभरच्या संशोधकांनी या निबंधाचा आधार घेतला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. त्या उल्लेखांमागे शेतातली कामं सोडून तपासणीला आलेल्या आपल्या बाया आहेत.

तर चूर्णवाल्याला विचारा: कुठे छापलं? किती माणसांवर करून पाहिलं? औषध न घेणाऱ्यांशी तुलना केली का? दुसऱ्या कुणी पडताळलं का? उत्तर टाळलं, तर पैसे पदरातच ठेवा.

आणि तिशी ओलांडली असेल, तर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांच्या तपासणीबद्दल आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारा. गाठ, अंगावरून अवेळी रक्त जाणं, न भरणारी जखम दिसली, तर लाजून बसू नका. या आठवड्यातच जा, आणि जाताना एका मैत्रिणीला सोबत न्या.