कॉफीच्या पेल्यातील पाणी

कागदी गाळणीतून काढलेली कॉफी म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत एक पातळ द्रावण होय. तिच्या शंभर भागांत सुमारे साडेअठ्ठ्याण्णव भाग पाणी असते आणि उरलेल्या दीड भागात कॉफीचा आंबटपणा, गोडवा, कडवटपणा व सुगंध हे सारे सामावलेले असते. असे असूनही घरी कॉफी करण्याचा छंद ज्यांना लागतो ते प्रथम चांगला बुंद शोधतात, मग चांगली चक्की व किटली घेतात. पाण्याकडे त्यांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. दिल्ली आणि तिच्या परिसरातील गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद या शहरांत तर हा क्रम विशेष नडतो. तो का, हे येथे पाहावयाचे आहे.

कॉफी हाउसापासून घरच्या गाळणीपर्यंत

दिल्ली हे तसे चहाचे शहर. तेथे कॉफीची आवड पसरविली ती कॉफी हाउसांनी. कॉफी बोर्डाने चालविलेली ही उपाहारगृहे बंद होऊ लागली तेव्हा १९५७ साली त्यांतील कामगारांनी सहकारी संस्था काढून ती आपल्या हाती घेतली. कॅनॉट प्लेसमधील त्यांचे कॉफी हाउस १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, पाडण्यात आले व पुढे ते जवळच्या मोहनसिंग प्लेसमध्ये सुरू झाले.

त्या काळी मळेवाल्यांना आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे. साहजिकच कोणत्या मळ्याचा बुंद कोणाच्या पेल्यात उतरला, हे कळण्यास मार्ग नव्हता. हे बंधन १९९२ पासून क्रमाक्रमाने सैल होत गेले आणि १९९६ साली पूर्णपणे उठले. त्यानंतर एकेका मळ्याची कॉफी त्याच्या नावानिशी विकणे शक्य झाले. २०१३ साली दिल्लीत ‘ब्लू टोकाई’ या संस्थेने मळ्याचे नाव व भाजल्याची तारीख पाकिटावर छापून कॉफी घरपोच पाठविण्यास आरंभ केला. पुढे अशा आणखी संस्था निघाल्या. एका मळ्याच्या चवीतील बारकावे दूधसाखरेत हरवून जातात. म्हणून ही कॉफी घेणारे लोक कागदी गाळणीकडे वळले.

ही गाळणी मात्र जुनी आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली भोके पाडलेल्या भांड्यात टिपकागद घालून ती सिद्ध केली. आज पुष्कळ घरांत दिसणारी जपानी ‘हारिओ व्ही-साठ’ ही शंकूच्या आकाराची गाळणी तिचीच वंशज होय. नावातील साठ हा शंकूच्या कोनाचा अंश आहे. कागद कॉफीतील तेलकट अंश बराचसा अडवून धरतो. त्या अंशातील कॅफेस्टॉल हे द्रव्य रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविते. त्यामुळे गाळणकागदाचा हा गुण आरोग्याच्या दृष्टीनेही उपकारक ठरतो.

किती विरघळावे?

भाजलेल्या बुंदाचा साधारणतः तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. परंतु तो सर्वच विरघळविणे इष्ट नसते. आरंभी आम्ले व फळांसारखी चव देणारी द्रव्ये उतरतात, मागाहून गोडवा येतो आणि अखेरीस कडू व तुरट द्रव्ये येतात. अमेरिकेतील अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनावरून असे ठरले की, बुंदाच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला असता पेय बहुतेकांना रुचते. त्याहून कमी उतरल्यास ते आंबट व पोकळ लागते, अधिक उतरल्यास कडवट.

हे गणित घरीही मांडता येते. १५ ग्रॅम पूड आणि २५० ग्रॅम पाणी घेतले, तर पूड आपल्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पाणी धरून ठेवते व पेल्यात २२० ग्रॅम पेय उतरते. त्यातील विरघळलेला अंश १.३५ टक्के असल्यास तो जवळजवळ ३ ग्रॅम भरतो. १५ ग्रॅमचे ३ ग्रॅम म्हणजे २० टक्के. अर्थात अगदी योग्य प्रमाण.

पूड जितकी बारीक, तितकी विरघळण्याची क्रिया जलद. एक मिलिमीटर बाजूच्या घनाचे अर्ध्या मिलिमीटर बाजूचे आठ घन केले, तर वजन तेच राहून पृष्ठभाग दुप्पट होतो, यावरून हे ध्यानात येईल. ताज्या भाजलेल्या बुंदात कार्बन डाय-ऑक्साइड कोंडलेला असतो; म्हणून प्रथम ४५ ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबतात. तो वायू फसफसून निघून गेला की पाण्याला पुडीत शिरण्यास वाट मिळते. उरलेले पाणी सावकाश, वर्तुळाकार ओतून सुमारे तीन मिनिटांत काम संपवावे. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९९ अंशांच्या थोडे वर उकळते. आपल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला, जेथे कॉफीची लागवडही होते, ते ९६ अंशांच्या आसपासच उकळते. दिल्लीच्या जानेवारीत चिनी मातीची गाळणी बर्फासारखी गार असते. ती आधी उकळत्या पाण्याने धुऊन तापवावी, म्हणजे कागदाचा वासही जातो.

पाण्याचा प्रश्न

इतके सर्व साधूनही कॉफी सपक लागली, तर दोष बुंदावर किंवा मळेवाल्यावर ठेवला जातो. वास्तविक तो पुष्कळदा पाण्याचा असतो. दिल्लीला यमुना, गंगेचा कालवा, भाक्रा धरण आणि नलिकाकूप अशा अनेक ठिकाणांहून पाणी मिळते. भूजलात विरघळलेले क्षार अधिक असतात. किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर ही त्याचीच खूण.

या क्षारांपैकी कॅल्शियम व मॅग्नेशियम कॉफीला सर्वस्वी प्रतिकूल नाहीत. मॅग्नेशियमचे आयन चवीच्या द्रव्यांना चांगले धरून ठेवतात, असे बाथ विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली गणनेने दाखविले. खरी अडचण बायकार्बोनेटांची असते. ती कॉफीतील आम्लांना उदासीन करतात आणि त्यांबरोबर फळासारखी चवही नाहीशी होते. पाण्याच्या या गुणाला अल्कता म्हणतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची अल्कता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानली आहे. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने कॉफीसाठी सुचविलेला आकडा मात्र ४० च्या आसपास आहे. म्हणजे पिण्यास सर्वथा योग्य असलेले पाणी कॉफीसाठी पाचपट अल्क असू शकते.

याउलट घरोघरी बसविलेल्या आर. ओ. यंत्रातून, म्हणजे व्यस्त परासरणाने, मिळणारे पाणी बरेचसे क्षारहीन असते. अशा पाण्यात आम्लांना आवर घालणारे काहीच उरत नाही व पेय बोचरे लागते. यंत्राबरोबर मिळणारा टी. डी. एस. मोजक क्षारांची एकूण मात्रा तेवढी सांगतो. त्यांतील बायकार्बोनेट किती, हे तो सांगू शकत नाही.

घरी करावयाचा प्रयोग

हा फरक जिभेने पडताळून पाहता येतो. १.७ ग्रॅम खाण्याचा सोडा आर. ओ. च्या पाण्यात विरघळवून एकूण २५० मिलिलिटर द्रावण करावे. आता आर. ओ. चे एकेक लिटर पाणी तीन बाटल्यांत घ्यावे. पहिल्या बाटलीत काही मिसळू नये. दुसरीत या द्रावणाचे १० मिलिलिटर घालावे व तिसरीत ५० मिलिलिटर. सोड्यामुळे दुसऱ्या पाण्यात सुमारे ४० व तिसऱ्यात सुमारे २०० इतकी अल्कता येते. तिन्ही पाण्यांनी एकाच बुंदाची, त्याच वजनाची, त्याच दळणाची कॉफी करावी. पेल्यांच्या बुडाशी खुणा करून ते दुसऱ्याकडून मांडून घ्यावेत, म्हणजे चाखणाऱ्याच्या मनात आगाऊ ग्रह राहत नाही. पेये थोडी निवाल्यावर चाखावीत व प्रत्येकाचे वर्णन वहीत लिहून मगच खुणा पाहाव्यात.

या प्रयोगात पाण्याखेरीज सर्व गोष्टी स्थिर ठेवल्या आहेत, हे लक्षात घ्यावे. दळण, उष्णता व प्रमाण यांचीही परीक्षा याच रीतीने, एका वेळी एकच गोष्ट बदलून करावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चव सुधारली तरी ती कशामुळे, हे कळत नाही. आणि महागडी उपकरणे घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. चिकमगळूरच्या एखाद्या मळ्यात बुंद खुडणे, धुणे व वाळविणे यांत जे श्रम झालेले असतात, त्यांचे फळ गुरुग्रामच्या एखाद्या स्वयंपाकघरातील शेवटच्या तीन मिनिटांवर अवलंबून असते. त्या मिनिटांत एक तराजू, एक वही आणि जाणून घेतलेले पाणी एवढी सामग्री जवळ असली, तर ते श्रम वाया जाण्याचे कारण नाही.