अठरा वर्षं टाळलेला धडा

मुलांना शरीर आणि लिंगभाव शिकवावा का, या प्रश्नाने 2007 ते 2025 या अठरा वर्षांत महाराष्ट्राला तीनदा गाठलं. पहिल्यांदा विधिमंडळात, दुसऱ्यांदा दिल्लीतल्या एका पुस्तिकेच्या निमित्ताने आणि तिसऱ्यांदा बदलापूरच्या रुळांवर. या काळाकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आपण मोठी माणसं आपला संकोच जपत राहिलो आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

2007 मध्ये किशोरवयीनांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम शाळांच्या उंबरठ्यावर होता. त्यातल्या चित्रांवर सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरून आक्षेप आले. वसंत पुरके शालेय शिक्षणमंत्री होते. सरकारने कार्यक्रम थांबवला. चित्रं बदलता आली असती, मजकूर इयत्तेप्रमाणे वेगळा करता आला असता. पण विषयच बाद झाला, तोही र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलेल्या राज्यात.

2012 मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन मराठीत आलं. लक्ष्मी बदलापूरच्याच ठाणे जिल्ह्यातल्या. बायकी म्हणून होणारी चेष्टा आणि लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार त्यांनी त्यात उघडपणे मांडले. वेगळ्या वाटणाऱ्या मुलाला आधी एकटं पाडलं जातं आणि एकट्या पडलेल्या मुलावर हात टाकणं सोपं असतं, हे समजायला तेवढी साक्ष पुरेशी होती. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या खटल्यात लक्ष्मीही होत्या. 2019 च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याने शाळांना भेदभाव न करता शिक्षण देण्याचं बंधन घातलं. कागद पुढे गेला. वर्गात मात्र 'बायल्या' हा शब्द तसाच राहिला.

त्याच 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकांत एक चांगली गोष्ट केली. घरकामात आईबरोबर वडील दिसू लागले, मुलांना पोलिसाच्या गणवेशातली बाई भेटली. सहा-सात वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत लिंगभाव शिकवता येतो, हे त्या चित्रांनी दाखवून दिलं.

2021 च्या अखेरीस दिल्लीतल्या एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. गणवेश, स्वच्छतागृहं, वर्गात मुलं-मुली वेगळी बसवण्याची सवय यांबद्दलच्या सूचना तिच्यात होत्या. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. वैद्यकीय उपचारांच्या उल्लेखाने पालक बिचकले असतील, तर ती काळजी खोटी म्हणता येणार नाही. तेवढ्या भागावर डॉक्टर, पालक आणि शिक्षकांनी बसून चर्चा करायला हवी होती. पुन्हा तेच घडलं: एका भागावर आक्षेप आणि सगळंच गायब.

मग ऑगस्ट 2024 आला. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि कर्जत मार्ग जवळजवळ दिवसभर बंद राहिला. शाळांत सीसीटीव्ही लावण्याचे आदेश निघाले. शाळांतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी 2022 मध्येच ठरलेल्या सखी सावित्री समित्यांची पुन्हा आठवण झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने मुलग्यांना लहान वयातच समानता शिकवण्यावर भर दिला. सतरा वर्षांपूर्वी बाद केलेला विषय न्यायालयाने पुन्हा समोर ठेवला.

त्या गुन्ह्याचा तृतीयपंथी ओळखीच्या वादाशी काहीही संबंध नाही. शिकवायचा धडा मात्र एकच आहे. अवयवांची नावं न लाजता सांगणं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं, कुणाला सांगायचं हे माहीत असणं आणि वर्गातल्या वेगळ्या मुलाला न छळणं. यातलं शेवटचं कलम वगळून पहिली तीन शिकवता येत नाहीत. ज्या मुलाची रोज चेष्टा होते, ते मूल सांगायला येतच नाही.

2025 मध्ये बारावीत शिकणाऱ्या एका किशोरवयीन व्यक्तीने, ट्रान्सजेंडर विषयाचा समावेश असलेलं लैंगिक शिक्षण पाठ्यपुस्तकांत यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोटीस गेलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. आपण मोठ्यांनी मागायची गोष्ट अखेर शाळकरी वयातल्या कुणाला तरी मागावी लागली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची मुलं लोकलच्या डब्यात तृतीयपंथीयांना लहानपणापासून पाहतात. 'या अशा का?' हा प्रश्न त्यांना पडतोच. 'तिकडे बघू नकोस' हे उत्तर आपण दिलं, तर उरलेलं उत्तर त्यांना मोबाइल देतो किंवा वर्गातला दांडगा मुलगा. या तीन शहरांतल्या मराठी, सिंधी, हिंदी, इंग्रजी माध्यमांच्या शाळांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहू नये. शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यावं, इयत्तावार मजकूर ठरवावा आणि तो पालकसभेत आधी पालकांना दाखवावा. एखादं पान खटकलं, तर त्या पानावर वाद घालूया. पण या वेळी धडा फाडून टाकायचा नाही, एवढं आपण बदलापूरच्या त्या दोन मुलींचं देणं लागतो.