पंचांग पाहून धावायचं गाव

रत्नागिरीत पहाटे धावायला निघणाऱ्याला घड्याळाइतकंच पंचांगही उपयोगी पडतं. शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते आणि खाडीच्या पलीकडे भाट्याचा किनारा सुरू होतो. लांबी सुमारे दीड किलोमीटर, कडेने सुरूचं बन, शेवटी डोंगराच्या पायथ्याशी झरीविनायकाचं देऊळ. या किनाऱ्यावर पावलाला जागा किती मिळणार, हे त्या दिवशीची तिथी ठरवते.

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास, आणि ओहोटी नेमकी पहाटे. शिवाय हे दिवस उधाणाचे. उधाणात पाणी जितकं वर चढतं, तितकंच ओहोटीला खूप मागेही जातं. अशा पहाटे भाट्याला ओल्या, दाबून बसलेल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो त्या दिवशी, मात्र सकाळी वरची कोरडी, भुसभुशीत वाळूच तेवढी हाती लागते. पाऊणपटीचा हिशेब अर्थात ढोबळ आहे. अचूक वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक पाहावं किंवा होडी लोटणाऱ्या एखाद्या काकांना विचारावं.

ओली वाळू आणि कोरडी वाळू यांत फरक किती? कोरड्या वाळूत पाय रुततो आणि जमिनीला दिलेल्या रेट्यातला बराचसा जोर वाळू सरकवण्यातच जातो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं दिसलं. याचा अर्थ कोरडी वाळू वाईट असा नाही. पोटऱ्या आणि घोटे बळकट करायला दहा मिनिटांचं तेवढं धावणं उत्तम. पण नवा माणूस पहिल्याच दिवशी तासभर कोरड्या वाळूत धावला, तर टाचेमागची शीर आठवडाभर दुखत राहते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावत राहिलं तर एक पाय सतत खाली आणि एक सतत वर पडतो. त्याचा ताण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कमरेला जाणवतो. म्हणून देवळापर्यंत गेलं की त्याच पट्ट्यावरून परत यावं. उतार तोच राहतो आणि पायांची पाळी बदलते. खाडीच्या मुखाजवळ मात्र पाण्यात उतरू नये. ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकदम बाहेर ओढ घेतं.

खाडीच्या अलीकडे मांडवीला वाळूचा रंगच बदलतो. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज आहे. थोडं उत्तरेला, मिऱ्याच्या बाजूला, पांढरा समुद्र आहे. एकाच शहरात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. त्या दोन्हींना जोडणारी वाट मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावरून आणि रत्नदुर्गाच्या पायथ्यावरून जाते. रत्नागिरी धावत पाहायची तर ही वाट सगळ्यांत बोलकी आहे. पहाटे मिरकरवाड्यात मासळीचा बाजार भरलेला असतो, टेम्पो मागेपुढे होत असतात, बर्फाच्या लाद्या फुटत असतात. तिथे वेग सोडून चालावंच लागतं, आणि ते बरंच आहे. ती माणसं तिथे पोटासाठी उभी असतात.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे आणि त्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. चढण दमवणारी आहे. वर जाताना पावलं लहान ठेवावीत, हात जास्त हलवावेत आणि वेगाचा विचार सोडून द्यावा. खरी कसोटी उतरताना लागते, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीर थोपवून धरतात आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरणं कठीण होतं. पुढे मिऱ्याच्या किनाऱ्यावर लाटांचा मारा जबर आहे. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज याच किनाऱ्याला येऊन रुतलं होतं. तिथल्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांवर चढून धावण्याचा मोह टाळावा.

चढणच हवी आणि गर्दी नको, तर थिबा पॉइंट. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी इंग्रजांनी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला. १९१६ साली राजा रत्नागिरीतच वारला. राजवाड्याजवळच्या या उंचवट्यावरून काजळीची खाडी, भाट्याचा पूल आणि समुद्र एका नजरेत येतात. भाट्याची फेरी आटोपून इथवर चढून येणं हा सकाळचा पुरेसा व्यायाम आहे.

लांब पल्ल्यासाठी मात्र एकच नाव घ्यावं लागेल : आरे-वारे. शिरगाव, साखरतर, बसणी, आरे, वारे, नेवरे असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा हा रस्ता गणपतीपुळ्याला पोचतो. अंतर पंचवीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे अर्धमॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच. आरे आणि वारे यांच्यामधली चढण चढून वर आलं की खाली दोन्ही बाजूंना किनारे दिसतात. इथे वाऱ्याचं गणित कळायला हवं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो सौम्य असतो. ऊन तापलं की खारा वारा सुरू होतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर तो वायव्येकडून जोर धरतो. म्हणून पुळ्याकडे जायचं ते पहाटे. संध्याकाळी धावायचं असेल तर उलट दिशा धरावी, वारा पाठीशी राहतो. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या भरधाव येतात. उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असंच धावावं. पुळ्याला पोचल्यावर घामेजलेल्या अंगाने पाण्यात शिरू नये. तिथल्या समुद्राने अनेकांचे जीव घेतले आहेत.

दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही. पुण्यात सहज जमणारा वेग इथे एप्रिल-मे महिन्यांत धरू नये. नुसतं पाणी पिऊनही भागत नाही, मीठ लागतं. कोकमाचं आगळ पाण्यात घालून प्यायलं की दोन्ही गोष्टी साधतात. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा जांभ्याच्या पायऱ्या आणि पाखाड्या शेवाळाने बुळबुळीत होतात. त्या दिवसांत किल्ला आणि किनारा सोडून मारुती मंदिराच्या बाजूचे शहरातले रस्ते धरावेत.

भाट्याच्या वाळूत हौसेने गाड्या घालणाऱ्यांना एक विनंती आहे. चाकांनी वाळूत खोल चर पडतात, पहाटेच्या अंधारात त्यांत पाय मुरगळतो, आणि चालायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तो किनारा वापरता येत नाही. गाडी रस्त्यावर ठेवावी आणि किनारा पायांसाठी मोकळा सोडावा.